पी कहाँ?

हसा, पण आधी ऐकून घ्या. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो तोंडानं मारून घेतला!

पंच्याऐंशी सालचा उन्हाळा. माझ्या पिण्याला कंटाळून बायको, सुमन, रामाकोन्याला माहेरी निघून गेली होती. मी दारू सोडल्याची शपथ घेतली, तेव्हा सासरे तिला घेऊन पांढुर्ण्याला आले. खात्री पटली तर ठेवणार, नाही तर संध्याकाळच्या बसनं परत नेणार!

आता खरं सांगू? आदल्याच दिवशी सावरगावला मित्राकडे दोन घोट झाले होते. दोनच हो!

परसात सासऱ्यांसोबत चहा पीत होतो. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "पी कहाँ? पी कहाँ?"

स्वच्छ हिंदीत, 'कुठे प्यायलास?' मी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे इटारसीहून बदलून आलेले मिश्राजी राहत. काल सावरगावहून परतताना जाम नदीच्या पुलावर याच माणसानं मला रामराम घातला होता. घालताना वास घेतल्यासारखं का केलं त्यानं? तेव्हाच ओळखायला हवं होतं!

"पी कहाँ? पी कहाँ?" आवाज चढतच गेला. सासरे मात्र शांतपणे चहा फुंकत होते. इतके शांत? दोघं आधीच भेटलेले तर नाहीत?

"काय म्हणून राहिला तो, आयकलं का जवाईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

संपलं! मी ताडकन उठलो आणि भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "सावरगावले पेलो! दोन घोट! दोस्तानं लय आग्रह केला म्हणून! झालं समाधान, मिश्राजी?"

कडुनिंबात फडफड झाली आणि आवाज बंद पडला.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "मिश्राजी कुठचे आले? पावशा होय तो. 'पेरते व्हा' म्हणून राहिला. पाऊस जवळ आला, हेच सांगत होतो तुमाले." मग दाराकडे वळून म्हणाले, "सुमन, पिशवी घे. चाल."

सुमन दारात पदरानं हसू दाबत उभी होती.

"राहू द्या बाबा. मी दोन वर्षं इचारलं, तं यायनं एकदाबी खरं नाही सांगितलं. पाखरानं चार खेपा इचारलं अन् सारं ओकले! आता पाखरूच ठेवते राखणीले."

त्या वर्षी पाऊस लांबला. पावशा दीड महिना रोज ओरडत राहिला, आणि तालुक्यातल्या शेतांसोबत मीही कोरडा राहिलो!