छतातून आलेली हाक

आधीच सांगून टाकते. या पानावरचे गूढ अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचत आले आणि प्रत्येक अनुभव संपला की नवऱ्याला म्हणत आले, "यांना म्हणावं, आधी वायरिंग तपासा." मी हिंगण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवस मीटर, गेज आणि रिजेक्ट झालेला माल यांच्यात जातो. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे मानत नव्हते. आता काय मानते ते मलाच नीट सांगता येत नाही. अंगावर काटा आणणारं काही वाचायला आला असाल तर मात्र माफ करा. हे आठवलं की मला भीती वाटत नाही, उलट कोणाला तरी पकडून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावंसं वाटतं.

घर नागपूरच्या नंदनवनमधलं, माझ्या माहेरचं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आई-बाबांची खोली, वर आमचा संसार. हॉलच्या खिडकीला बाहेरून लावलेला पत्र्याचा जंबो कूलर. नागपूरच्या वाचकांना पुढे काही सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. उन्हाळ्यात हा कूलर सुरू झाला की एकाच खोलीतली दोन माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. आणि त्याच्या टाकीतलं पाणी संपलं की आतल्या पंपाची मोटर जळते. म्हणून प्रत्येक घरात एक माणूस असतो, ज्याचा सगळा उन्हाळा त्या पाण्यावर डोळा ठेवण्यात जातो. आमच्याकडे ते बाबा. कचेरीतून रिटायर झाल्यावर तर त्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं. दुपारी एकदा त्यांची हाक उठली की आई तर उठायचीच, पण समोरच्या ढोबळे काकूही आपल्या कूलरला पाइप लावायच्या. त्यांना वेगळी आठवण ठेवावी लागत नसे.

दीड वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. आम्ही भाड्याचा फ्लॅट सोडून इथे राहायला आलो. पाय सुधारला, काठी घेऊन ते घरभर हिंडायला लागले. वाचा मात्र गेली ती गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. आम्ही विचारायचो — पाणी हवं? दुखतंय? झोपायचं? — आणि ते मान हलवायचे. हळूहळू आईही गप्प झाली. चाळीस वर्षं ज्या माणसाशी वाद घातला तो उत्तरच देत नाही म्हटल्यावर ती तरी कोणाशी बोलणार.

आणि एक गोष्ट मला फार लागली होती. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. ते फोनवर बोलायला नाखूश, व्हॉइस मेसेज तर कधीच नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा भरपूर आहेत, सगळ्यांना जेवायला बसा जेवायला बसा म्हणताना दिसतात, पण शूटिंगवाल्याने त्यावर सनई टाकून ठेवलीय. हॉस्पिटलच्या दिवसांत मी सगळे जुने फोन काढून शोधलं होतं. एक शब्द सापडला नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, गाणी ऐकवत राहा. बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडून कधी कधी गाण्याचे शब्द निघतात. झालं, तिथून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. बाबा एका जागी बसत नाहीत, मग गाणं एकाच खोलीत कशाला? ते जिथे जातील तिथे गाणं हजर पाहिजे. मी पूर्ण घराची स्पीकर सिस्टीम बसवायचं ठरवलं. प्रशांत, माझा नवरा, म्हणाला की एक छोटा ब्लूटूथ स्पीकर खिशात घालून देऊ ना. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच मिटला. मला बाबांचा आवाज परत हवा होता, आणि त्यात मला काटकसर करायची नव्हती.

मग सुरू झाल्या सीताबर्डीच्या बाजारात आमच्या वाऱ्या. प्रत्येक दुकानात थंडगार डेमो रूम, मऊ सोफा, काचेसारखा स्वच्छ आवाज. प्रशांत प्रत्येक वेळी बेस ऐकून खूश. मी म्हटलं, इथे तर पाच रुपयांची पिपाणीही छान वाजेल. घरी जाऊन मी आमच्या कूलरचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणला, दुकानात तो मोठ्याने लावला आणि म्हटलं, आता यावर तुमचं गाणं ऐकवा. सेल्समन आधी हसला, मग त्याने मालकाला बोलावून आणलं, मग दोघं हसले. पण खरं सांगते, त्या घरघरीत अर्ध्याहून जास्त स्पीकर फेल झाले. भारी बेसवाले तर कूलरमध्ये पार बुडाले. एका जोडीतून मात्र शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता, आणि मी तिथल्या तिथे बुक करून टाकली. प्रशांतला म्हटलं, क्वालिटी चेक याला म्हणतात.

बसवायला दुकानातून इरफानभाई आले. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम आणि वरचा पॅसेज इथे छतात गोल स्पीकर, अंगणात भिंतीवर एक पावसापाण्यातही टिकणारा, आणि सगळ्यांचा ॲम्प्लिफायर जिन्याखालच्या कपाटात. घरभर पीओपीची पांढरी धूळ झाली, आईने तोंड वाकडं केलं, पण मी हवेत होते. सगळं फोनच्या ॲपवरून चालायचं. त्यात अनाउन्समेंटचीही सोय होती — फोनवर बटण दाबून बोललं की गाणं आपोआप बारीक होतं आणि तुमचा आवाज घरभर जातो. माइक वेगळा नाही, फोन हाच माइक. हे नीट लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी बाबा काठी टेकत हॉलमधून खोलीत गेले, तिथून स्वयंपाकघरात, तिथून अंगणात, आणि गाणं त्यांच्या डोक्यावर चालतच होतं. अंगणात थांबून त्यांनी भिंतीवरच्या स्पीकरकडे असं पाहिलं की मला उड्या माराव्याशा वाटल्या. त्यांची बोटं काठीच्या मुठीवर ताल धरायची. शब्द मात्र नाही. दिवस जात राहिले, गाणी बदलत राहिली, शब्द नाही. मी वरवर उत्साह दाखवत होते, पण आतून खचायला लागले होते. आईने तर एकदा सरळ सांगितलं की पोरी, फार आस लावू नको.

तो मे महिन्यातला रविवार होता. जेवणं झाली होती, ऊन असं की अंगणात चिटपाखरू नाही. प्रशांत वर झोपला होता, त्याचा फोन बंद पडलेला आणि माझ्यासमोर हॉलच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला. आई स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होती. बाबा हॉलमध्ये दिवाणावर पेपर धरून बसलेले, मी त्यांच्या अगदी समोर खुर्चीत, माझा फोन माझ्या हातात, घरभर गाणं चालू. कूलर घरघरतोय.

गाणं बारीक झालं. अनाउन्समेंटच्या वेळी होतं तसंच. आणि घरातल्या सगळ्या छतांमधून, अंगणातल्या भिंतीवरूनही, खणखणीत, कूलरच्या वर —

"पाणी टाका वं कूलरमंदी... मोटर जळून जाईन!"

बाबांचा आवाज. अटॅकच्या आधीचा, तोच, "मोटर"वर जरा जास्तच जोर देणारा. मी बाबांकडेच बघत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. ते मान वर करून छताकडे पाहत होते.

आणि त्याच क्षणाला स्वयंपाकघरातून आई ओरडली. विचार करायला वेळच मिळाला नसेल तिला, चाळीस वर्षांची सवय.

"टाकून राहिली नं! एवढं काहून ओरडून राहिले तुम्ही?"

मग तिचं तिलाच कळलं. ती कैरीचे ओले हात तसेच धरून दारात आली आणि बाबांकडे पाहत उभी राहिली. गाणं पुन्हा मोठं झालं होतं. बाबा तिच्याकडे पाहून हसत होते. तोंडाच्या एका बाजूने, पण पूर्ण हसत होते. दीड वर्षात मी ते पाहिलं नव्हतं, आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात काहीतरी सुचून मी बाहेर धावले. कूलरची टाकी कोरडी ठक्क. पंप नुसता खरखरत होता, हात लावला तर चटका. बटण बंद केलं, पाइप लावला. मान वर करते तर समोर ढोबळे काकू, भर उन्हात, त्यांचाही पाइप त्यांच्या कूलरमध्ये. त्या तिथूनच म्हणाल्या, "काय वं, भाऊजी बोलाले लागले न तू सांगितलं नाही?" आत आले तर प्रशांत जिन्यावर उभा, डोळे अर्धवट मिटलेले, विचारत होता की बाबा बोलले का. त्याने वर झोपेत ऐकलं होतं. म्हणजे भास म्हणावं तर बाबा धरून पाच जणांना एकाच वेळी, एकाच वाक्याचा.

मी लगेच इरफानभाईंना फोन केला. संध्याकाळी ते आले, कपाट उघडलं, वायरी तपासल्या, ॲपमधली अनाउन्समेंटची नोंद काढली. त्या दुपारी एकही अनाउन्समेंट झालेली नव्हती. माझा फोन हातात होता, प्रशांतचा बंद होता, आईचा साधा बटणांचा. इरफानभाई म्हणाले की कधी कधी लांब वायरीत बाहेरचा वायरलेस पकडला जातो, पोलिसांचा वगैरे. मी म्हटलं, पोलीस आमच्या कूलरची काळजी कशाला करतील? मग मला माझं दुकानात नेलेलं रेकॉर्डिंग आठवलं, ते आम्ही सगळ्यांनी कान लावून ऐकलं. ते तर याच उन्हाळ्यातलं, बाबांची वाचा गेल्यानंतरचं, आणि त्यात नुसती घरघर. इरफानभाई आणि प्रशांत त्या कपाटात डोकं घालून बसले, मी टॉर्च धरून मागे, तिघंही एकाच वेळी बोलतोय.

आई मागे येऊन उभी राहिली होती. ती बाबांकडे हात करून म्हणाली, "तुम्ही सारे त्या डब्यालेच विचारून राहिले. यायले विचारा नं कोणी."

आम्ही वळलो. बाबा दिवाणावरून आमचा सगळा तमाशा शांतपणे बघत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले. तुम्ही बोललात का बाबा, म्हणून विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग छातीवर हात ठेवला आणि हो म्हणून हलवली. मला कळेना. मी विचारलं, मनातल्या मनात म्हणालात? हो. आज पाणी संपलं हे दिसलं म्हणून? त्यांनी हात झटकला, तेवढंच नाही अशा अर्थाने.

"बाबा... रोज म्हणता काय?"

हो.

मग आमच्या अंगात जणू वारं भरलं. आई माझ्या बाजूला येऊन बसली आणि विचारतच सुटली. गेटला कडी लावा, हेही रोज म्हणता? हो. रिकाम्या खोलीतला पंखा? हो, जोरात हो. भाजीत मीठ कमी? बाबांनी डोळे मिटून अशी मान हलवली की इरफानभाईही हसायला लागले. प्रशांतने भीत भीत विचारलं की माझी गाडी अंगणात आडवी लावतो त्याबद्दल काही? त्याबद्दल तर बाबांनी काठीच आपटली. म्हणजे हा माणूस दीड वर्षात एक दिवसही गप्प बसला नव्हता. आम्ही त्यांना फक्त पाणी हवं का, दुखतंय का, एवढंच विचारत आलो होतो, आणि ते मात्र पूर्वीसारखंच सगळं घर चालवत होते. त्या संध्याकाळी स्वयंपाक झालाच नाही. बाहेरून सावजीचं झणझणीत जेवण मागवलं, इरफानभाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि आई इतकी बोलली की तिचा घसा बसला.

तो आवाज पुन्हा आला नाही. मी पुष्कळ प्रयत्न केले, लाज वाटते सांगायला. मुद्दाम टाकी रिकामी ठेवून, फोन रेकॉर्डिंगला लावून छताखाली बसून राहिले. नुसतं गाणं वाजत राहिलं. थेरपी चालू आहे, तोंडातून अजून शब्द निघालेला नाही. ॲम्प्लिफायर बदलून आणून पाहिला, काही फरक नाही. या क्षेत्रातलं जाणणाऱ्या कोणा वाचकाला कारण सुचलं तर जरूर कळवा, मी एकूण एक वायर पुन्हा तपासायला तयार आहे.

घरात मात्र आता शांतता नाही. आई बाबांशी दिवसभर बोलते, म्हणजे भांडतेच. परवा मी सुट्टी घेऊन घरी होते. दुपारची वेळ, गाणं चालू, बाबा दिवाणावर, मी समोर. कोणी काही बोललेलं नाही. आणि आतून आईचा आवाज आला, "टाकलं नं पाणी, किती डाव सांगान?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं. एकदाच सांगितलं होतं.