माळ्यावरच्या सहा जणी

माणसांची तस्करी करणाऱ्या बाईच्या हातचा चहा पिऊन, वर तिचे आभार मानून मी परत आलो होतो. हे विसरणं शक्य नाही; आमच्या हवालदारबाई विसरू देत नाहीत.

तेव्हा मी साकीनाक्याच्या बाजूला एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका वेल्डरने खबर दिली : शेजारच्या इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात, माळ्यावर गावाकडच्या मुली डांबून ठेवल्यात. गेलो. दाराला साधी कडीसुद्धा नव्हती. सहा तरुण मुली मणी ओवत बसलेल्या. गाळा चालवणाऱ्या बाईला सगळ्या 'मावशी' म्हणत. मी शहाण्याने मावशीसमोरच विचारलं, "काही त्रास?" सगळ्या म्हणाल्या, "नाही." स्टेशन डायरीत नोंद केली, 'तथ्य आढळून आले नाही.'

हवालदारबाई तोंडावर म्हणाल्या, "साहेब, त्या कोपऱ्यातल्या मुलीला ठसका लागला. पाणी हाताशी होतं. मावशीने मान हलवल्यावर प्यायली. तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होतात."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन पुन्हा गेलो. मावशीला ताब्यात घेऊन ठाण्यात वेगळ्या खोलीत बसवलं. बाई शांत. "हात तरी लावलाय का कुणाला? विचारा." खरंच लावला नव्हता. मोबाइल मात्र 'सांभाळायला' घेतलेले. आईशी बोलणं फक्त रविवारी, स्पीकरवर, मावशीच्या समोर. जी दुसरीची चुगली करील, तिला जरा जास्त वेळ. मी आवाज चढवला तशी म्हणाली, "मलाही असंच आणलं होतं. मी काय मेले?" पश्चात्ताप नव्हता. आपण पोरींचा सांभाळ करतो असंच तिला वाटत होतं. गंमत म्हणजे तिची दया आली, आणि रागही तेवढाच.

दुसऱ्या खोलीत ठसका लागलेली मुलगी काही बोलेना. मी म्हटलं, "घाबरू नकोस. बस. सांग." ती बसली. म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते लिहा."

हवालदारबाईंनी मला कोपराने बाजूला केलं. "कुणाची काळजी वाटते गं तुला?"

"धाकट्या बहिणीची." मग हळूच, "मावशी केसांना तेल लावताना म्हणाली, तू गेलीस तर तिला आणीन."

तिच्या गावच्या ठाण्याला फोन केला. तिथली महिला शिपाई घरी जाऊन बसली आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. बहिणीला बघून मुलगी पहिल्यांदा रडली.

नोकरीभर मी कुलपं, वळ, जखमा शोधत आलो. त्या दिवसापासून, उत्तर देण्याआधी माणूस कुणाकडे बघतो, ते बघायला लागलो. मावशीवर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. पण माझ्या लेखी केस उलगडली ती त्या खोलीत, मुलीचं रडू ओसरल्यावर.

मी खुर्ची ओढून म्हटलं, "डोळे पूस. आता सगळं पहिल्यापासून सांग. भराभर."

"नाही," ती म्हणाली. "या ताईंना सांगते. तुम्ही मावशीपेक्षा लई हुकूम सोडता. बाहेर बसा."