कुंडीतलं खाचर

माझ्या घरात माझ्या पसंतीचं काय होतं, विचाराल तर काही नाही. सोफा नवऱ्यानं आणला, पडदे नणंदेनं, देव्हारा सासूबाई होत्या तेव्हापासूनचा. माझा म्हणावा असा एकच, हॉलच्या खिडकीतला बटण गुलाब. चौक गावच्या नर्सरीतून रिक्षात मांडीवर धरून आणलेला. वीतभर झाड, त्याला नखाएवढी गुलाबी फुलं. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. मी ते इमानेइतबारे पाळलं. ऊन फिरेल तशी कुंडी फिरवायची, माव्याची कीड दिसली की ओल्या फडक्यानं पान न् पान पुसायचं. एकदा तर सात फुलं होती एकदम.

मग गावची, कळंबची जमीन रिसॉर्टवाल्याकडे गेली आणि सासरे आमच्याकडे कर्जतच्या फ्लॅटवर राहायला आले. सगळा जन्म भातशेतीत गेलेला माणूस. खुर्ची नेमकी खिडकीशी ओढून बसायचे आणि माझ्या झाडाकडे असं बघायचे की मीच त्याला उपाशी ठेवलंय. सुकलंय गं, सुकलंय गं, दिवसातून दहा वेळा. माझं डोकं फिरायचं. शेवटी नवऱ्याकरवी सांगितलं, कुंडीला हात लावायचा नाही. त्यांनी मान हलवली. मान हलवण्यात तो माणूस पटाईत.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. मी पाणी कमी केलं, मग बंदच केलं, तरी माती चिखलासारखी ओली. एका रविवारी कुंडी उचलली तर ही जड. पेपरावर पालथी घातली. तळाचं भोक चिकणमातीनं गच्च बुजवलेलं, वर अंगठ्याचा ठसा. मुळं काळी पडली होती आणि कुजका वास हॉलभर सुटला.

मी विचारलं, हे कोणाचं काम?

लपवलंसुद्धा नाही त्यांनी. "मीच बुजवलं. पानी खालून सगलं चाललं व्हतं. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं का बुजवतो ना, तसं. भाताच्या खाचरात पानी ऱ्हायला नको?" वर सांगतात काय, तर माती आपल्याच बांधाची हाय, कळंबला एसटीनं जाऊन पिशवीतून आणली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "स्वतःचं खाचर विकून मोकळे झालात, आता माझ्या कुंडीत शेती करायला आलात?"

सही करा, सही करा म्हणून त्यांच्या मागे कोण लागलं होतं? मी आणि माझा नवरा. हे मला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर मी नेमकं तेच बोलले. लागावं म्हणूनच बोलले.

ते खाली उकिडवे बसले. पेपरावरची माती ओंजळीत गोळा करून पिशवीत भरली आणि आत गेले. झाड मी कचऱ्यात टाकलं. खिडकी तेव्हापासून रिकामीच आहे, खुर्चीही त्यांनी तिथून हलवली. घरातल्या कशालाच हात लावत नाहीत. पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत, घामानं निथळत बसतात. मला त्याचाही राग येतो.

काल दुपारी मी पोळ्या लाटत होते. मागे वळले तर सासरे माठापुढे रिकामा पेला घेऊन उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"पानी घेऊ का गं?" त्यांनी विचारलं.

घ्या, म्हटलं मी. तेही खेकसूनच.