रिकाम्या बाटलीवर दिलेली गोळी

"दोन महिन्याच्या एकदमच द्या भाऊ." आसेगावच्या सुखदेवनं रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. "कौसल्याले कावीळ झाली. मले आता घडीघडी येणं जमत नाही."

कारंज्यात माझं मेडिकल. सत्तरच्या दशकात आमच्याकडे रिकामी बाटली हीच चिठ्ठी. ती घरच्या माणसाबरोबर नाहीतर एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची, भरून परत जायची. सुखदेवच्या बायकोची गोळी सहा महिने अशीच गेली. गोळी उदासीवरची. मूल गेल्यापासून कौसल्या बोलत नव्हती, जेवत नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरनं एकदा लिहून दिली, गुण आला, मग पुन्हा तिकडे कोण जातं? मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"काविळीवर काय करून राह्यला?"

"गळ्यात माळ घातली झाडपाल्याची. पथ्य आहे. पण ही गोळी चुकू नाही देत."

काविळीत ही चालते का ते पाहायला मी गोळ्यांच्या खोक्यातला कंपनीचा कागद काढला. बारीक इंग्रजी, आजवर न वाचलेलं. डिक्शनरी घेऊन बसलो. गोळीनं लिव्हर, म्हणजे यकृत, बिघडू शकतं. कावीळ दिसताच गोळी थांबवावी.

"गोळी आजपासून बंद. तिले आत्ताच अकोल्याले ने."

"तुमीच तं देल्या ना भाऊ?"

मी रिकामी बाटली उचलून आत ठेवली.

गुरुवारी कंपनीचा एमआर, म्हणजे औषधं खपवणारा माणूस आला. पूर्वी त्याच्याशीच तासभर घासाघीस करून मी या गोळ्यांचा अख्खा खोका निम्म्या भावात उचलला होता, आणि स्वतःवर खूश होतो. कागद त्याच्यापुढे धरला.

"शेठ, ही गोळी कंपनीनं केव्हाच बंद केली. उरलेला माल काढायला तर ती स्कीम होती."

"मला सांगितलं का?"

"डॉक्टरांना पत्रं गेली. दुकानदाराला पाठवायची पद्धत नाही." मग हळूच म्हणाला, "इतकं स्वस्त का, हे तुम्हीही विचारलं नाही."

मी त्याची बॅग रस्त्यावर फेकली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याचं म्हणणं खरं होतं याचं.

अकोल्यात अकराव्या दिवशी कौसल्या गेली. कंपनीला मी तीन रजिस्टर पत्रं टाकली. पोच आली, उत्तर आलं नाही.

आता मी पेशंट पाहिल्याशिवाय गोळी देत नाही. गिऱ्हाईक चिडतं आणि बाटली घेऊन समोरच्या दुकानात जातं. तिथं मिळते.