टिकेल असं मशीन

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. मोजणीचं एखादं मशीन मेलं की मागे एक किस्सा ठेवून जातं. चार वर्षांत आमची दोन मशीनं गेली, त्यामुळे माझ्यासारख्या न बोलणाऱ्याकडेही सांगायला बरंच साठलंय.

ऑफिस म्हणजे आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउन या वस्तीतली एक खोली आणि तीन माणसं. शिर्के साहेब मालक. मुकुंददादा जीप चालवतात आणि खुंट्या ठोकतात. तिसरा मी. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून काठी धरतो. काठीच्या टोकावर डब्याएवढं मशीन असतं, ते रोव्हर. तसंच दुसरं मशीन तिपाईवर एका जागी उभं राहतं, तो बेस. दोघं मिळून उपग्रहांना विचारतात की आपण नेमके कुठे आहोत. खात्री होईपर्यंत पडद्यावर 'फ्लोट' दिसतं. खात्री झाली की मशीनमधली बाई 'फिक्स' म्हणते.

यंदा पनागरच्या पुढे सात गावांतून जाणाऱ्या कालव्याची मोजणी मिळाली. पावसाआधी संपवायची होती. साहेब म्हणाले, "या वेळी मशीन तू निवड. टिकलं आणि काम पास झालं, तर नकाशाच्या कोपऱ्यात सर्वेक्षक म्हणून तुझं नाव टाकतो."

"अन् नाही टिकलं तर?"

"तर काहून घाबरतो?" मुकुंददादा म्हणाले. "काठी आहेच ना!"

त्या कोपऱ्यात डिप्लोमावाल्यांची नावं येतात. तिथे एकदा माझं नाव आलं असतं, तर दुसऱ्या कुठल्या ऑफिसात गेल्यावर 'शिकलास किती?' याच्या पुढे काही सांगता आलं असतं.

*

मीच का? कारण आधीची दोन्ही मशीनं माझ्याच हातात गेली. पहिलं होतं वॉटरप्रूफ. विकणाऱ्यानं बादलीभर पाण्यात बुडवून दाखवलं होतं. पहिल्याच पावसात पाच मिनिटांत बंद!

तो माणूस पुन्हा आला, मशीन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "चार्जिंग के छेद पर रबर का ढक्कन था। कहाँ गया?"

मी मुकुंददादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ते मधी मधी येऊन राहिलं होतं, म्हणून कापलं. कूलरच्या नळीला लावलं घरी."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

"पण साहेब, रबर एक नंबर! एक थेंब गळत नाही!"

*

दुसरं मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्तीला दिल्लीला पाठवलं. पावसाळ्यात गेलं, स्वेटर घालायच्या दिवसांत परत आलं. वर हिरवी चिठ्ठी: 'तपासले, ठीक आहे.' मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

साहेबांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, हमारे यहाँ तो चल रही थी।"

मुकुंददादा म्हणाले, "मग आपणच दिल्लीला जाऊन राहू. तिथंच मोजू शेतं."

*

तर मी निवडायला बसलो. एका वहीत लिहून काढलं: घामेजल्या बोटानं बटण दाबलं जातं का, भर मे महिन्यात पडदा काळा पडतो का, जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे रेडिओवर चालतं का. साहेबांनी वही वाचली आणि मिटून परत दिली. त्यांना आवडली असावी असं मी समजलो.

पहिला विक्रेता टाय लावून, एका सहकाऱ्याला घेऊन आला. म्हणाला, "दो मीटर से गिराओ, कुछ नहीं होगा।" साहेबांनी मला टेबलावर चढवलं. मी मशीन डोक्यावर धरलं.

"छोड़ो भैया!"

मला सोडता येईना. इतकी वर्षं हातातून काही सुटू नये एवढंच तर शिकलो होतो. बोटं उघडेचनात.

"अरे छोड़ो!"

मुकुंददादा म्हणाले, "साहेब, शॉकप्रूफ तर हाच आहे! यालाच घेऊन टाका!"

शेवटी तो स्वतःच टेबलावर चढला आणि सोडलं. ते त्याच्याच सहकाऱ्याच्या पायावर पडलं! तो बिचारा पाय धरून खाली बसला. बसल्या बसल्या त्यानं मशीन कानाशी नेलं, हलवून पाहिलं आणि कण्हत म्हणाला, "देखिए सर... कुछ नहीं हुआ।"

*

ते मी घेतलं नाही. मी घेतलं सगळ्यांत जड, सगळ्यांत कुरूप. त्याच्या विक्रेत्याचं सदर बाजारात छोटंसं दुकान होतं आणि टाय नव्हता.

मी हळूच विचारलं, "बिगड़ती है क्या?"

"बिगड़ती तो है," तो म्हणाला. "ये पाँच चीज़ें बिगड़ती हैं।" त्यानं पाचही काढून काउंटरवर ठेवल्या. "साथ में रख लो। बदलना अभी सिखा देता हूँ।"

इतकं खरं बोलणारा माणूस मी या धंद्यात पाहिला नव्हता. मी साहेबांना सांगितलं, "हेच."

मुकुंददादांनी ते उचलून पाहिलं. "हे मोजायचं आहे का व्यायाम करायचा आहे?"

*

आणि ते टिकलं! ऊन असं, की दगडावर हात ठेववेना. पाचातल्या तीन चिजा मी शेतात बसून बदलल्या. एकदा नाल्याची कड सुटली आणि मी काठीसकट खाली गेलो. मुकुंददादा धावत आले, आधी मशीन उचललं, पडदा पुसला आणि ओरडले, "फिक्स आहे!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू उठून राहिला, का तसाच आहे?"

*

चौथ्या गावात मात्र दिवसभर मोजून आम्ही परतलो, तर तिपाई होती त्या जागी नव्हती. शोधलं तर चाळीस पावलं लांब, चिंचेखाली. बेस हलला म्हणजे त्या दिवसाचं सगळं काम वाया.

शेजारच्या झोपडीतून एक आजीबाई आल्या.

"हमने रखा, बेटा। धूप में बिचारी अकेली खड़ी थी, कुछ-कुछ बोल रही थी। हमसे देखा नहीं गया।"

मशीनच्या पायाशी झाकण ठेवलेला लोटा होता.

"पानी भी रखा है," त्या काळजीनं म्हणाल्या. "पर पीती ही नहीं।"

*

सातवं गाव पावसाच्या आठवडाभर आधी संपलं. साहेबांनी नकाशा छापून आणला. उजव्या कोपऱ्यात, सर्वेक्षक या शब्दापुढे माझं नाव. मुकुंददादांनी ते मोठ्यानं वाचलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अच्छा, आडनाव पण आहे का तुला!" मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

दोन दिवसांनी अधिकारी तपासायला आले. सोबत पटवारीजी, म्हणजे इथले तलाठी, बगलेत जुना कापडी नकाशा. त्यांनी आम्हाला तीन गावांच्या सीमेवरच्या दगडाशी नेलं. हा दगड कोणीही कधी हलवलेला नाही, असं तिन्ही गावं सांगतात. मी काठी दगडावर टेकवली. बाई म्हणाली, 'फिक्स'.

पटवारीजींनी आकडे घेतले, नकाशाशी लावले. जुळेनात. नकाशाप्रमाणे दगड चौदा मीटर पलीकडे हवा होता. तिथे विहीर होती.

"फिर से," अधिकारी म्हणाले.

पुन्हा तेच. बॅटरी बदलली, तेच. बेस बंद करून नव्यानं लावला, तेच. प्रत्येक वेळी फरक चौदा मीटर, बोटभरही इकडे तिकडे नाही. पटवारीजी चालत विहिरीपाशी गेले आणि वाकून आत पाहून आले.

साहेब समजावू लागले, "सर, पुराना नक्शा साँकल से नापकर बना है। कपड़ा भी इतने साल में खिंचा होगा। पत्थर तो आपके सामने है।"

अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, कापडी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. मग आमचा नकाशा उघडून कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ये कौन है? किसने नापा?"

साहेब बोलायच्या आत मी म्हणालो, "मैंने." इतक्या मोठ्यानं, की मुकुंददादांनी वळून पाहिलं.

अधिकाऱ्यांनी आमचा नकाशा नीट घडी घालून माझ्या हातात दिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "मेहनत अच्छी की है, भैया। बस, अब ऐसी मशीन ले आओ जो नक्शे से मिलती हो।"