गळका कूलर

आमच्या घरात एक विनोद अजून चालतो. उन्हाळ्याचा विषय निघाला की मुलगा पाहुण्यांना सांगतो, "आईचा हात लागला की कूलर गळलाच समजा. खिडकीखाली तळं." सगळे हसतात. विनोद मूळचा माझा. तो खरा नाही, हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर राहत होतो. मे महिन्यात बाहेर लू सुटलेली आणि आमच्या कूलरचं पाणी ओसंडून खिडकीखाली साचलेलं. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं, एवढी साधी गोष्ट. मी प्लंबरला बोलावून फ्लोट बदलून घ्यायचो. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

"लागला असेल माझा हात," बायको म्हणायची.

रविवारी मी पेपर वाचत असताना खिडकीजवळून तिची हळू हाक यायची. "अहो, या ना. मुंगसाची पिल्लं आलीत पाण्यावर."

"आलोच."

पान संपवून मी जाईपर्यंत ओल्या मातीत नुसते ठसे.

"सातभाईंचा थवापण होता," ती सांगायची. "काय भांडत होते. तुमचं ऑफिसच."

ती गेली आणि पाठोपाठ मी निवृत्त झालो. क्वार्टर सोडताना कूलर उघडला. फ्लोट वर येऊच नये म्हणून तळाच्या विटेला बांधून ठेवला होता, परकराच्या नाडीनं. प्लंबर यायच्या आधी ती सोडून ठेवत असणार. गाठ सुटेना. कात्रीनं कापली आणि कूलर कबाडीवाल्याला देऊन टाकला. खिडकीखालची माती तोवर दगड झाली होती. मुलाला हे सांगायचं तर मी एकदाही वेळेत खिडकीशी गेलो नाही, हेही सांगावं लागलं असतं.

आता गुरुग्रामला त्याच्याकडे असतो. दिवसा घरात कोणी नसतं. बाल्कनीत एसीच्या नळीचं पाणी ठिबकतं, तिथे दुपारी एक बुलबुल येतो. लोंबता थेंब चोचीत धरतो, मान वर करतो, गिळतो. झालं. तेवढ्यासाठी मी आधीपासून खुर्ची लावून बसतो.

परवा मुलगा म्हणाला, "बाबा, खालच्या आंटींच्या कपड्यांवर पाणी पडतं. एसीवाला येईल, नळी आत वळवेल."

"राहू दे ना ती."

"अच्छा, आता तुम्हीपण आईसारखं?"

मग मी त्याला नाडीचं सांगितलं. तो बुटाची लेस बांधत होता, तसाच वाकून राहिला.

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय," तो म्हणाला.

"माझंच ऐकून."

खाली कॅब आली होती. तो गेला.

एसीवाला आला, तेव्हा मी कुंडीखालची पसरट ताटली पुढे केली आणि नळी तिच्यात सोडून घेतली.

"अंकल, ये तो बार-बार भर जाएगा. खाली कौन करेगा?"

"मैं घर पे ही रहता हूँ," मी म्हणालो.