बाबा, आत्या, खोली, बारावी

माझ्या स्मरणशक्तीमुळे ताईचं लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हा मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, कल्याणची. अख्ख्या चाळीत फोन एकच, तळमजल्यावर भोईरकाकूंकडे. तो नंबर बारा बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना 'पीपी' म्हणून वाटलेला! आठ दिवसांपूर्वी डोंबिवलीचा एक मुलगा ताईला बघून गेलेला. ताईला तो पसंत होता. (तोंडाने बोलली नाही, पण भांडी घासताना सारखं काहीतरी पुटपुटायची. आईला वाटलं, पोरगी स्तोत्र म्हणतेय.)

त्या रविवारी चार वाजता काकूंनी खालून हाक मारली. बाबांच्या तोंडाला दाढीचा साबण, म्हणून मी पळालो. फोनवर मुलाचे मामा.

"आमचा होकार आहे. पण मुलगा आजच बडोद्याला निघतोय नोकरीवर. पाचच्या आत बाबांना फोन करायला सांगा. नाही आला तर नकार समजू, दुसरं स्थळ थांबलंय."

आणि मुलाच्या शेजाऱ्यांचा सहा आकडी पीपी नंबर सांगून त्यांनी फोन ठेवला.

"लिवून घेतलास का रं?" काकूंनी पेन्सिल पुढे केली.

"लिहायचं कशाला काकू? माणसाच्या डोक्यात एका वेळी सातेक गोष्टी आरामात राहतात. हे तर सहाच आकडे! त्यांचे गठ्ठे बांधले की चारच."

गठ्ठे मी बांधलेही. पहिले दोन आकडे म्हणजे बाबांचं वय. तिसरा, टेंभी नाक्याच्या आत्याला मुलं किती तो. पुढचे दोन, आमचा खोली नंबर. आणि शेवटचा, मी बारावीला किती वेळा बसलो तो. 'बाबा, आत्या, खोली, बारावी' असं घोकत मी जिना चढलो. वाटेत एकाने मॅचचा स्कोअर विचारला, तरी मी ढळलो नाही!

"बाबा, होकार आलाय! पाचच्या आत फोन करायचाय. तुमचं वय किती?"

"माझ्या वयाचा काय संबंध?"

"सांगा ना!"

"बावन्न."

"ते तुमच्या नोकरीतलं, कारखान्यातलं," आई आतून म्हणाली. "शाळेत घालताना मामंजींनी दोन वर्षं कमी लावली. खरे चोपन्न."

"अगं, कागदावर बावन्न आहे!"

"लग्न काय कागदाशी केलं मी?"

दोन्ही आकडे कानांतून आत शिरले आणि माझा मूळचा आकडा बाहेर पडला, तो पडलाच. मी घाईघाईने विचारलं, आत्याला मुलं किती?

"चार मुलं," बाबा म्हणाले.

"पाच!" आई म्हणाली. "धाकटा दिराला दत्तक दिला म्हणून काय वन्संचा नाही तो?"

आता मला क्रमही आठवेना. आधी बाबा की आधी आत्या? बाबांचं म्हणणं, घरचा कर्ता आधी. आईचं म्हणणं, वन्सं वयाने मोठ्या. खोलीचा नंबर दारावरच होता; बाकी एकाच आकड्यावर घरात एकमत झालं.

"बारावीला दोनदा," दोघं एका सुरात म्हणाले.

पावणेपाचला आमची वरात काकूंकडे. बाबा अर्ध्या दाढीत! पहिला फोन लागला पिठाच्या गिरणीत. दुसरा एका आजोबांना, त्यांना ऐकूच येईना. तिसरा पुन्हा गिरणीत!

"गिरणी आज बंद आहे हो, किती वेळा सांगू?"

आई डोळ्यांना पदर लावून बसली. ताई दारात उभी होती, तोंडाचा रंग उडालेला. तिच्याकडे बघवेना. मला स्वतःचीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाचला चार मिनिटं कमी असताना ताई पुढे आली, बाबांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि डायल फिरवली. सहा आकडे, कुठेही न अडखळता.

"घ्या. लागलाय."

बाबा "नमस्कार, नमस्कार" करायला लागले, तशी आई कुजबुजली, "तुला गं कसा माहीत?"

"त्या दिवशी गॅलरीत दोन मिनिटं बोलायला दिलेलं ना आम्हाला... तेव्हा सांगितला त्यांनी. लिहायला काही नव्हतं." ताईचे कान लाल झाले. "मग आठ दिवस म्हणतच बसले."

जे मी पुस्तकात वाचलं, ते तिने भांडी घासता घासता करून दाखवलेलं. आईचं लक्ष मात्र ताईने फिरवलेल्या पहिल्या दोन आकड्यांवर होतं. "बघितलंस? चोपन्नच निघाले!"

लग्नात मला एकच काम मिळालं, भटजींना घेऊन यायचं. पत्ता लिहून बाबांनी तो कागद माझ्या शर्टाला टाचणीने लावला.

आता ती चाळ नाही, काकू नाहीत, बाबांच्या वयावर भांडायला आई-बाबाही नाहीत. फार आठवण येते. ताईचा मोबाइल नंबर मला आजही पाठ नाही. तो सहा आकडी नंबर मात्र कधीही विचारा, झोपेतही सांगेन. फक्त आता तो लागत नाही!